इंद्रजीतचे पन्नास मीटर

आमच्या गारखेड्यात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही उपकार केल्यासारखं. अशा ठिकाणी इंद्रजीत साळवेनं पन्नास मीटर पाण्यात टिकणारं स्मार्टवॉच घेतलं, तेव्हा मी शेजारधर्म म्हणून विचारलं, "बुडायचं कुठं, ते ठरलं का?" तर त्यानं माझी शाळाच घेतली. पहिल्या पिढीचं घड्याळ नुसते शिंतोडे सोसायचं, दुसरीचं पन्नास मीटर, येणारं तिसरीचं म्हणे शंभर. वाळूजच्या कारखान्यात सुपरवायझर असलेला हा गृहस्थ बायकोचा वाढदिवस विसरतो, पण कोणत्या पिढीत काय सुधारलं ते झोपेतही सांगेल.

तिसरी पिढी आल्यावर त्यानं दुसरीचं घड्याळ बायकोला, सुलेखावहिनींना, देऊ केलं. त्यांनी लांबूनच हात जोडले. मग ते सिल्लोडजवळ शेतावर एकट्या राहणाऱ्या वडिलांच्या, बन्सीअण्णांच्या मनगटावर चढलं. अण्णांच्या हृदयाचे ठोके मधूनच चुकायचे. लक्ष ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. इंद्रजीतनं लक्ष ठेवलं, मोबाइलवर. ठोके बसल्या जागी दिसू लागल्यावर शेताकडं जायचं कारणच काय उरलं?

"अण्णा, पाण्याची फिकीर नको," त्यानं फोनवर हिशेब मांडला होता. "आपली विहीर सात परस. म्हणजे बारा-तेरा मीटर. घड्याळ पन्नासला टिकतं." पन्नास मीटर म्हणजे चाचणीतलं शांत पाणी आणि कोरं घड्याळ; जोराची धार, साबण, झिजलेलं रबर त्यात धरत नाहीत. माहितीपत्रकात हे बारीक अक्षरांत होतं. इंद्रजीत ठळक अक्षरंच वाचतो.

एका रविवारी माझ्या ओट्यावर चौथ्या पिढीचं कौतुक चालू असताना त्यानं मोबाइल पाहिला. अण्णांचे ठोके भलतेच चढले आणि एकदम दिसेनासेच झाले. फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. एरवी मी त्याची टर उडवली असती, पण त्याचा चेहरा बघून गाडीची किल्ली त्याच्या हातातून घेतली. गाडी मी चालवली. सिल्लोड येईपर्यंत तो फोन लावत राहिला.

शेतावर मोटार चालू होती. पाइपातून विहिरीचं पाणी धबाधबा हौदात पडत होतं आणि बाजूला अण्णा पंचा गुंडाळून भाकरीवर ठेचा खात बसले होते. फोन झोपडीत, सदऱ्याच्या खिशात. मघाशी रोजच्यासारखं त्यांनी मोटारीच्या धारेखाली अंग चोळलं होतं. घड्याळाच्या काचेत पाणी डुचमळत होतं.

इंद्रजीत त्यांच्या पुढ्यात बसला. अण्णांचं मनगट दोन्ही हातांनी धरून तो लहान पोरासारखा रडला.

"आरं, घड्याळ गेलंय, मी नाय," अण्णा म्हणाले. "भाकर खातो का?"

तो जेवला. जीव ठिकाणावर आल्यावर मूळ स्वभाव परतला. "अण्णा, माझं शंभर मीटरवालं घ्या आता. काय केलं तरी बिघडायचं नाय."

अण्णांनी हात मागं घेतला.

"नगं बाबा," ते म्हणाले. "बिघडणारंच दे. दोन वर्षांत आज आलास."