सिंगापूर म्हणजे कोल्हापूरच!

ताई नोकरीसाठी सिंगापूरला गेली आणि आमच्या पुण्यातल्या, कात्रजच्या घरात किस्से साठायला लागले. रविवारच्या व्हिडिओ कॉलमध्ये एखाद्याची भर पडतेच. मला कॅमेऱ्यासमोर काही सुचत नाही, म्हणून फोन धरायचं काम माझं. फोन धरणाऱ्याला सगळ्यांचे चेहरे नीट दिसतात.

ताईचं तिकीट काढलं त्या दिवशी आई गप्प गप्प होती. आजोबा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांनी विचारलं, "किती तास लागतात?"

"थेट विमान आहे, साडेपाच तास," ताई म्हणाली.

"म्हणजे कोल्हापूर! तेही रस्त्याचं काम चालू असताना!" मग आईकडे वळून म्हणाले, "सूनबाई, पोरगी कोल्हापूरला चाललीय. एवढं काय त्यात?"

आई हसली. त्या दिवसात पहिल्यांदाच.

*

निघायच्या दिवशी आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधली.

"आई, विमानात जेवण देतात गं!"

"ते विमानातलं. हे वाटेत खायला."

विमानाला वेगळी वाट नसते, हे तिला कुणीच सांगितलं नाही. ताईनेही डबा निमूट बॅगेत ठेवला.

*

आजोबा सोसायटीत सगळ्यांना कोल्हापूरचाच हिशेब सांगायचे. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तो शांतपणे ऐकला आणि म्हणाल्या, "वा! मग शनिवार-रविवार घरी येत असेल."

एरवी दर मजल्यावर दम खाणारे आजोबा त्या दिवशी न थांबता जिना चढले.

*

ताई जेवली असेल का, हे बघताक्षणी कळावं म्हणून आईने स्वयंपाकघरातलं घड्याळ सिंगापूरच्या वेळेला लावलं. म्हणजे अडीच तास पुढे. एकदा संध्याकाळी मामा आला. चहा उकळत होता, तेवढ्यात त्याची नजर घड्याळावर गेली. "बाप रे, साडेसात! माझी साताऱ्याची गाडी गेली!" म्हणत तो बॅग उचलून पळालाच. आई दारातून ओरडली, "दादा, ते ताईचं घड्याळ आहे!"

*

बाबांचं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला, खराडीला. एका रविवारी ते वैतागून म्हणाले, "काल मला जाऊन-येऊन चार तास लागले. तेवढ्यात तू मलेशिया गाठतेस!"

"मग बाबा, इकडेच बघू का तुमच्यासाठी नोकरी?"

सगळे हसले. आई घड्याळाकडे बघत होती.

*

ताईला दिवाळीला घरी यायला सुट्टी मिळाली नाही. "मग तुम्हीच या," ती म्हणाली. माझी दहावी, म्हणून आई आणि मी थांबलो. बाबा आजोबांना घेऊन गेले. आजोबांनी आयुष्यात कधी दुसऱ्याच्या हातात स्टेअरिंग देऊन झोप काढलेली नाही. विमानातही ते खिडकीशी टक्क जागे होते म्हणे.

दुसऱ्या दिवशी आजोबांचा फोन आला. ताई ऑफिसला गेली होती. मी नेहमीसारखा फोन धरला.

"कसा झाला प्रवास, बाबा?" आईने आजोबांना विचारलं.

आजोबांनी फोन तोंडाजवळ आणला. मग म्हणाले, "सूनबाई, खाली नुसतं पाणी गं. मध्ये उतरायला एकसुद्धा स्टँड नाही. पोरगी फार लांब आलीय आपली."

आईने पदराने फोनची काच पुसली. काच स्वच्छच होती.

"लांब कसली बाबा," ती म्हणाली, "कोल्हापूर तर आहे!"