तांब्याची उंची

गावाचं आपल्याविषयी काय मत आहे, ते विचारावं लागत नाही. पाणी मागावं. आम्हाला भांडं कुणी हातात देत नसे. ओंजळ करून वाकायचं आणि समोरचा माणूस वरून धार धरायचा. तांब्या कमरेशी असला तर घर बरं. छातीशी असला तर दोन शब्द बोलायला हरकत नाही. खांद्याच्या वर गेला की पाणी पिऊन मुकाट्याने पुढे जायचं. दीड वर्षात मला हे मोजमाप इतकं पाठ झालं होतं की शुभवर्तमानातली वचनंसुद्धा तेवढी पाठ नव्हती.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. अकोल्याच्या मिशनसाहेबांनी मला एका म्हाताऱ्या उपदेशकाबरोबर जोडून दिलं होतं. त्यांना मी काका म्हणायचो. ते साठीच्या पुढचे, ख्रिस्ती होण्याआधी एका पाटलाकडे सालदार होते, म्हणजे वर्षाच्या करारावर शेतात राबत. मिशनचा नियम असा की उपदेशकांनी दोघा-दोघांनी हिंडावं. एकट्याने जायचं नाही, एकट्याने राहायचंही नाही. दोन वर्षं अशी काढायची, मग मला मास्तरकीच्या शाळेत घालणार होते. हे सगळं माझ्या आईने ठरवलं. ती अमरावतीला राजापेठेत राहायची, मुलींच्या बोर्डिंगात भाकऱ्या थापायची. मी लहानपणी विषमज्वरातून उठलो तेव्हा तिने माझी दोन वर्षं देवाला बोलून टाकली होती. मला कुणी विचारलं नव्हतं. सात वर्षांच्या पोराला कोण विचारतं?

पहिले तीन-चार महिने उत्साह होता. मग तो चपलांबरोबर झिजला. बाळापूर, तेल्हारा, हिवरखेड आणि मधली खेडी, पुन्हा बाळापूर. पारापाशी उभं राहून टाळ वाजवायचा, भजन म्हणायचं, चार माणसं जमली की बोलायचं. लोक भजन ऐकायचे आणि बोलणं सुरू झालं की उठायचे. काही जण आमच्या पोथ्या घ्यायचे, पण वाचता येतं का विचारलं तर हसायचे. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काही नाही. मी काकांवर चिडायचो, कारण ते चिडत नसत. त्यांचे पाय सुजायचे आणि ते बाभळीखाली बसून समाधानाने सुपारी कातरायचे. त्यांच्या त्या समाधानाचा मला फार राग यायचा.

त्या हिवाळ्यात मी साहेबांना अर्ज लिहिला. मला मोकळं करावं, एवढाच त्याचा मतलब. घडी करून सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला. महिन्याच्या सभेला अकोल्याला गेलो की द्यायचा होता. काकांना ते माहीत होतं. मी गेलो तर त्यांना दुसरा जोडीदार मिळणार नव्हता, त्यांना घरी बसवणार होते, हेही आम्हा दोघांना माहीत होतं. त्यांनी एकदाच विषय काढला.

"देशीन तवा दे पोरा. पन खिशात ठेवून हिंडू नको. जड होते."

शनिवारी अकोल्याला पोचायचं होतं. त्याआधीचं शेवटचं गाव हिवरखेड. गावाबाहेर एका माळ्याचा मळा होता, कांदे, वांगी, थोडी झेंडूची फुलं. तिथे आम्ही दर फेरीला पाण्यासाठी थांबायचो. माळी तोंडाचा फटकळ. "आले का बे येसूवाले? पानी प्या अन् लागा रस्त्याले," हे त्याचं स्वागत. त्याची बायको न बोलता तांब्या आणायची आणि खांद्याच्याही वर धरायची. धार ओंजळीत कमी आणि अंगावर जास्त पडायची. त्या मळ्यातून मी कधी कोरडा बाहेर पडलो नव्हतो.

त्या दिवशी मात्र मळ्यात मोटेचा आवाज नव्हता. माळी झोपडीत गोधडीखाली कुडकुडत पडला होता. बायको दारात बसली होती.

"चार दिस झाले, हिवताप उतरून नाई राहिला," ती म्हणाली. "मोट बंद हाय. कांदे माना टाकून राहिले. दिराशी भांडन हाय, तो येत नाई. मी याहीले पाहू का पानी देऊ?"

काकांनी पिशवीतून तापावरच्या कोयनेलच्या पुड्या काढून दिल्या. आता इथे उपदेश करायचा असा आमचा शिरस्ता होता. आजारी घरात माणसं ऐकतात, असं आम्हाला शिकवलेलं. पण मला तोंड उघडणं जिवावर आलं. खरं सांगतो, त्यात कसलाही मोठेपणा नव्हता. बोलण्याचा कंटाळा आला होता, म्हणून मी म्हणालो, "मी हाकतो मोट."

ती काकांकडे बघत राहिली. शिवाशिवीचा विचार तिच्या चेहऱ्यावर आला, मग तिने कांद्याच्या वाफ्यांकडे पाहिलं. "हाका," ती म्हणाली.

मी शहरात वाढलेला, मोट नुसती लांबून पाहिलेली. काकांनी बैल जुंपून दिले आणि पाण्याची दारं मोडायला, म्हणजे पाटाचं पाणी वाफ्यांत वळवायला, ते स्वतः वाफ्यात उतरले. चामड्याची मोट विहिरीत बुडाली, भरली. बैल उताराच्या तोंडाशी उभे राहिले. मी मोटेच्या सोंडेची दोरी हातात घेतली आणि सवयीप्रमाणे डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. आम्हाला तेच वळण होतं. जेवण असो, प्रवास असो, आधी डोळे मिटायचे. बैलांना आमचं वळण कुठून ठाऊक? मोट भरल्याचा ताण मानेवर आला तशी त्यांनी आपणहून उतार धरला. माझ्या हातातली दोरी सुटली, मोटेची सोंड सैल पडली आणि सगळं पाणी धबधब करून परत विहिरीत गेलं. मोट रिकामीच वर आली. मी अजून 'हे आमच्या स्वर्गातील बापा'वरच होतो.

वाफ्यात काका पोट धरून हसत होते. माळीण मात्र हसली नाही.

"काहून बाप्पा," तिने विचारलं, "डोये उघडे ठेवले तं तुमचा देव आयकत नाई का?"

तेव्हापासून मी उघड्या डोळ्यांनी प्रार्थना करायला लागलो. ती सवय मग जन्मभर गेली नाही. आमच्या ख्रिस्ती देवळात कित्येकदा त्यावरून बोलणी खाल्ली आहेत.

आम्ही तिथे आठ दिवस राहिलो. झोपायला बाभळीखाली, भाकरी माळीण लांबून ठेवायची. माझ्या तळहातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. कंबर मोडून गेली. रोज सकाळी उठताना वाटायचं, आज नको. पण बैल उतारावरून निघाले, मोट वर आली आणि विहिरीच्या काठच्या थारोळ्यात, म्हणजे दगडी कुंडीत, पाणी कोसळलं की ते पाटाने पळत जायचं आणि काका त्याला एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायचे. चौथ्या दिवशी कांद्याची पात उभी राहिली. मी बैल थांबवून नुसता बघत राहिलो. दीड वर्ष मी लोकांना आनंदाची बातमी सांगत हिंडत होतो आणि मला स्वतःला आनंद त्या दिवशी झाला. अंग ठणकत होतं आणि मी खूष होतो.

शनिवार निघून गेला. सभा बुडाली. माळी उठून बसला तेव्हा त्याने आभार मानले नाहीत. "बैल बारीक केले बे माहे," एवढंच म्हणाला.

अकोल्याला साहेबांनी विचारलं, आठवड्यात किती गावं झाली? काका म्हणाले, "एक." किती जणांना उपदेश केला? काका म्हणाले, "साहेब, उपदेश नाही केला. कांद्याले पानी देलं." साहेबांनी वही मिटली. मग त्यांनी आम्हाला दोन महिन्यांसाठी अमरावतीच्या बाजूला पाठवलं. मी खिशाकडे हात नेला होता, पण त्या घडीला अर्ज दिला असता तर सगळं खापर काकांच्या माथी फुटलं असतं. म्हणून राहू दिला.

होळी उलटल्यावर आम्ही परत हिवरखेडला आलो. वेशीवरच्या वाण्याने आम्हाला पाहून दात काढले. आम्ही गेल्यावर माळ्याच्या जातवाल्यांनी बैठक घेतली आणि मळ्यात गोमूत्र शिंपडायला लावलं, हे त्याने अगदी रंगवून सांगितलं. मी तिथेच थांबलो. तळहातावरचे फोड वाळून घट्टे झाले होते, ते मी बघत राहिलो. रागापेक्षा लाज जास्त वाटली. मी काकांना म्हणालो, मळ्यात जायचं नाही, अकोल्याला चला, अर्ज देऊन टाकतो.

"देजो," काका म्हणाले. त्यांचे पाय सुजले होते. "पन तहान लागली हाय. पानी तं पिऊ."

माळीण कांदे काढत होती. आम्हाला बघून उठली. मी विचारायच्या आधीच तिने सांगितलं.

"शिपडलं आमी. खोटं काहून बोलू? जातीत राहाचं हाय आमाले. मोटीवर शिपडलं, थारोयात शिपडलं, बैलायच्या पाठीवर बी." मग हातातल्या कांद्यांची माती झटकत ती म्हणाली, "कांद्यावर कोनी नाई शिपडलं. ते तं जातवाल्यायनंच बाजाराच्या दिशी घरी नेले. साऱ्या गावानं खाल्ले."

माळी झोपडीतून ओरडला, "पानी दे वं त्याहीले!"

तिने तांब्या आणला. काकांनी आधी घेतलं, मग मी वाकून ओंजळ पुढे केली. आधी मनातल्या मनात दोन शब्द म्हणायचे होते, ते म्हटले. डोळे उघडेच होते, म्हणून दिसलं. तांब्या खांद्यावर नव्हता, छातीशीही नव्हता. तो माझ्या ओंजळीपासून जेमतेम वीतभर वर होता आणि ती दोन्ही हातांनी तो सांभाळून वाकवत होती. मी पोटभर प्यायलो. सरळ उभा राहिलो आणि सवयीने सदरा झटकायला गेलो.

सदरा कोरडा होता. खिशातला अर्ज काढून मी फाडला आणि काकांची पिशवी खांद्याला लावली.