खवल्या मांजराचं माप

माझ्या घरात खुंटीला सुतळ्या लटकतात. बघणाऱ्याला वाटतं, म्हाताऱ्यानं गुरांची दावी जपून ठेवलीत. दावी नाहीत ती. आजवर काशात ओतलेल्या माझ्या प्रत्येक जनावराचं माप त्या सुतळ्यांत आहे. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत एक गाठ, खांद्यापासून जमिनीपर्यंत दुसरी. शाळा चौथीत सुटली तरी टेपवरचे आकडे मला वाचता येतात. पण टेपवर माझा विश्वास नाही. दुकानातले दोन टेप एकमेकांना लावून बघा आणि मग माझ्याशी बोला. सुतळी माझी, गाठ माझी.

ही गाठ मेणाच्या मापाची असते हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. जनावर मी आधी मेणाचं करतो. त्यावर माती चढते, माती भाजली की मेण वितळून वाहून जातं आणि त्या पोकळीत कासं ओततो. मग माती फोडायची. साचा उरतच नाही, म्हणून माझ्या हातचं जनावर एकदाच जन्मतं. आणि कासं थंड होताना आक्रसतं. हातभर जनावर मेणापेक्षा भाताच्या एका दाण्याएवढं कमी भरतं. त्या तयार जनावरावरून कोणी नक्कल ओतली, तर ती अजून एक दाणा कमी.

हे मी घंटा ओतण्याच्या कारखान्यात भट्टी सांभाळताना शिकलो. कोणी शिकवलं नाही, बघून शिकलो. उरलेल्या धातूचं एक भेकर ओतलं तेव्हा मालक म्हणाला, "देव सोडून हे काय करतोस?" दुसऱ्या दिवसापासून मी गेलो नाही. शहापूरच्या बाजारात माझं रानडुक्कर ठेवलं तर लोक हसायचे. मग मुरबाडच्या बाजूला मुंबईकरांचे बंगले झाले. रानातली जनावरं कमी झाली आणि बंगल्यांतली वाढली. बिबटे, ससे, घोरपडी, सगळं गेलं माझ्या हातचं.

मातीचं काम माझं नाही. ते माझा जोडीदार करतो. पाड्यावर राहतो, माझ्याच वयाचा. वारुळाची माती चाळून, त्यात शेण आणि तूस कालवून तो असा लेप देतो की मेणावरचा माझ्या बोटाचा ठसासुद्धा काशात उतरतो. आमचे दोघांचे केस एकाच भट्टीसमोर पांढरे झाले.

मुरबाडच्या एका शेठसाठी मी खवल्या मांजर केलं होतं. एकेक खवला वेगळा वळून बसवला. डाव्या कुशीवरचा एक खवला बोटातून सटकून तिरपा बसला, तो मी तसाच ठेवला. जिवंत जनावर कुठं एवढं नीटनेटकं असतं?

दोन वर्षांनी कसाऱ्याहून येताना जीप हायवेवरच्या एका नव्या हॉटेलाशी थांबली. काउंटरवर माझं खवल्या मांजर. डाव्या कुशीला तिरपा खवला.

मी हात लावला तसा मॅनेजर ओरडला, "बाबा, हात नका लावू."

"मी बनवलंय ते."

"हो का? मग हा हायवे मी बनवलाय."

कुठून आणलं विचारलं तर म्हणे मालकानं मुंबईहून विकत घेतलं. दुसऱ्या दिवशी मी सुतळी खिशात घातली. आमची मंडळी म्हणाली, "कोणाला बांधायला निघाले?" मॅनेजरला चहाचे पैसे आधी दिले, तेव्हा कुठं तो वळला. "मोजा बाबा, मोजा. शर्ट शिवणार काय त्याला?"

गाठीपासून एक दाणा कमी. तीनदा लावून बघितलं. एकच.

मी तिथंच हिशोब केला. अस्सल तर शेठकडे, म्हणजे ही नक्कल. शेठच्या जनावरावरून नक्कल झाली असती तर दोन दाणे कमी भरले असते. एक दाणा कमी म्हणजे हे थेट मेणावरून आलेलं. माझ्या मेणावरून कोणीतरी आधी छाप घेतला होता. आणि मेण माझ्या घराबाहेर फक्त एकाच ठिकाणी गेलं होतं.

तसाच पाड्यावर गेलो. जोडीदार अंगणात माती चाळत होता.

"खवल्याचं मेण तुझ्याकडे किती दिस होतं?"

"तीन. लेप सुकाय नको?"

"त्या तीन दिसांत कोण आलं होतं?"

त्याची चाळण थांबली. माझ्या खिशातून सुतळी लोंबत होती, तिच्याकडे त्यानं बघितलं. "तू ठरवूनच आलायस रे."

"एक दाणा कमी हाय. बरोबर एक. तू सांग, कसा?"

"एकच कमी हाय ना? मग माझंच काम. जा आता."

हे तो रागानं बोलला की कबूल झाला, हे ओळखण्याइतका मी तेव्हा शांत नव्हतो. मी कबुली धरली. एवढ्या वर्षांतली सगळी मेणं डोळ्यांसमोर आली. बिबट्याचं मेण तो दोन दिवस जास्त का ठेवून बसला होता? घोरपडीच्या वेळी दार लावून का घेतलं होतं? आठवायला बसलं की सगळंच वाकडं दिसतं.

त्यानंतर लेप मीच द्यायला लागलो. पहिलंच रानडुक्कर भट्टीत तडकलं, कासं मातीतून गळालं आणि जनावर तीन पायांचं निघालं. मी म्हटलं, चालतंय. आमची मंडळी म्हणाली, "चालेल कसं? चौथा पाय तर जोडीदार घेऊन गेला." तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. तिला कोणी सांगितलं, याचाही मी आठ दिवस शोध घेतला.

दिवाळी झाल्यावर मी मुरबाडला शेठच्या बंगल्यावर गेलो. अस्सल जनावर तुमच्याकडेच आहे, बाहेर दिसतं ती चोरी, हे त्याला सांगायचं होतं. खरं तर कोणाच्या तरी तोंडून मला ते कबूल करून घ्यायचं होतं. शेठ नव्हता, राखणदार होता. त्याला म्हटलं, "हे बघ, खऱ्या जनावराचं माप कसं असतं," आणि सुतळी लावली.

दोन दाणे कमी.

मला वाटलं सुतळी ओढली गेली. परत लावली. मग खवल्याखाली नख घालून बघितलं. माझ्या खवल्यांखाली नख जातं, कारण ते वेगळे वळलेले. हॉटेलात मोजताना त्या खवल्यांखाली ते गेलं होतं. इथं खालची फट भरलेली होती.

राखणदाराला विचारलं, हे कधी बाहेर गेलं होतं काय.

"गेल्या वर्षी पावसात हिरवं पडलं ना. शेठनी पॉलिशला मुंबईला धाडलं. दोन महिन्यांनी आलं परत."

म्हणजे हॉटेलात होतं तेच माझं, आणि बंगल्यात होती ती नक्कल. अस्सल जनावर हॉटेलात बसलं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एक दाण्याचा हिशोब बरोबर होता, मी तो चुकीच्या माणसावर लावला. शेठला फोन केला तर म्हणाला, "बाबा, तेच आहे ते, किती चकाकतंय बघा." त्याला कोणी फसवलं की त्यानंच अस्सल विकलं, मला अजून ठाऊक नाही. दोन्ही वाटतं.

तिथून सरळ पाड्यावर गेलो. माफी मागायची सवय मला नाही. उंबऱ्यात उभा राहून एवढंच बोललो, "बंगल्यातलं दोन दाणे कमी हाय."

जोडीदारानं लगेच मान हलवली. जरा जास्तच लगेच.

"तुला ठाऊक होतं?"

"एक माणूस आला होता माझ्याकडं. पॉलिशचं काम करतो म्हणाला. खवल्याची नक्कल ओतून दे म्हणाला. मी नाय म्हटलं."

"मग मला का नाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास? तुझ्याकडंच का आला रे तो, असंच ना?"

तेच म्हणालो असतो मी. खरं सांगायचं तर त्या क्षणीही माझ्या तोंडात तेच आलं होतं.

त्याच्या बायकोनं पाणी आणून दिलं, ते मी प्यालो. निघताना तो म्हणाला, "माती भिजवून ठेवतो. पण मेण तू स्वतः घेऊन यायचं, नि लेप सुकेपर्यंत हितंच बसायचं."

तेव्हापासून तसंच चाललंय. मी मेण घेऊन जातो आणि तीन दिवस त्याच्या अंगणात बसून राहतो. तो लेप देताना प्रत्येक थर मला दाखवतो. काम आटोपलं की उरलेल्या मेणाचे गोळे तो माझ्या समोर तराजूत टाकतो, काटा स्थिर होईपर्यंत थांबतो आणि विचारतो, "बरोबर हाय ना?" पूर्वी असं काही नव्हतं. मला ते आवडत नाही. नको म्हणावं असं दर वेळी वाटतं, पण मी काट्याकडे बघतो.