पिकअपचे काढलेले पाटे

रिकामी उभी असली की आमची पिकअप मागून विचित्र उंच दिसायची. जुनी गाडी. पुढून जीपचं तोंड, मागं लोखंडी हौदा. नवी होती तेव्हा मागच्या चाकांवर एकेका बाजूला सात पाटे होते. पाटे म्हणजे एकाखाली एक रचून आवळलेल्या पोलादी पट्ट्या; गाडीचं सगळं ओझं त्यांच्यावर. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, दोन्हीकडं आणखी तीन-तीन घालून घेतले. ते गूळ वाहायचे. पन्हाळ्याच्या अंगाच्या एका गुऱ्हाळावर तीस-तीस किलोचे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, भरायचे आणि कोल्हापुरात मार्केट यार्डात आणून उतरवायचे. दहा पाट्यांवर गाडी भरली की सपाट बसायची. रिकामी झाली की पुन्हा मागून उठायची. गल्लीतल्या कुणालाही लांबून कळायचं, आप्पा माल घेऊन आलेत की टाकून आलेत.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बी.एस्सी., मग बी.एड. आता हायस्कूलात विज्ञान शिकवते. हे मी कुठंही छाती काढून सांगते. ते आप्पांच्या गाडीनं आणि माझ्या डोक्यानं, दोघांनी मिळून केलेलं काम आहे.

दिवाळीच्या आधी आप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला. जीभ जड झाली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, फार दिवस धरू नका. मी आव्वाला, म्हणजे आईला, तेवढं सोडून सगळं सांगितलं.

चाकाच्या खुर्चीत बसायला लागल्यावर आप्पांनी एकच गोष्ट मागितली.

"एकदा गुऱ्हाळाकडं जाऊन येऊया."

"जाऊया की. रिक्षा सांगतो मी," गल्लीतला एक भाऊबंद म्हणाला.

"रिक्षानं कशाला? माझी गाडी मेली न्हाय अजून."

केबिनची पायरी कमरेएवढी, आणि त्यांचा पाय दुमडत नव्हता. भाऊबंद म्हणाला, "मग चौघं मिळून उचलतो की. दोन मिनटाचं काम."

आप्पांनी मान वर केली. मग म्हणाले, "चौघांनी उचलायची येळ आली न्हाय रं अजून."

आव्वा उठून आत गेली. त्यानंतर उचलायचं नाव कुणी काढलं नाही.

मग मी ठरवलं, खुर्चीसकट मागच्या हौद्यात न्यायचं. फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं दार, पाडायचा, जाड फळी लावायची, खुर्ची वर ढकलायची. आमची गल्ली अरुंद, बाहेरचा रस्ता गर्दीचा, म्हणून दारातच चढवायला पाहिजे होतं. समोरच्या भिंतीपासून फाळक्यापर्यंत जेमतेम सात फूट. म्हणजे फळीही सात फुटांचीच. खुर्चीत तांदळाचं पोतं बांधून मी आणि भाऊबंदानं ढकलून बघितलं. निम्म्यात गेल्यावर खुर्ची मागं कलंडली, पोतं भाऊबंदाच्या छातीवर आलं. चढ फार होता. फळी लांब करता येत नव्हती, तर गाडी खाली आणायला पाहिजे होती. मी वहीवर आकृती काढली, उंची धरली, कोन काढला. हौदा पाच इंच खाली आला तर खुर्ची चढत होती. आणि पाच इंच खाली आणायचं म्हणजे आप्पांनी घातलेले तीन-तीन पाटे काढायचे. मला स्वतःचा अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. सातवीच्या पोरांना उतरणीची फळी शिकवते, ती बापाच्या कामी येणार होती.

आप्पांना सांगितलं नाही. एकदम दाखवावं म्हटलं.

शनिवारी शाळा सकाळची. घरी येऊन मीच गाडी काढली आणि दोन चौक पलीकडं पाटेवाल्या मिस्त्रींकडं नेली. सगळा रस्ता गर्दीचा, दुसऱ्या गिअरच्या वर जायची वेळच आली नाही. मिस्त्री आप्पांच्याच वयाचे. त्या गाडीचा पाटा न् पाटा त्यांच्या हाताखालून गेलेला.

"पाटे काढायचेत," मी म्हटलं. "मागचे. तीन-तीन."

"काय बाई, तुमी बी?" मिस्त्री हसायला लागले. "आताची पोरं जुन्या गाड्या घेत्यात, मागनं खाली बसवत्यात आनि रंकाळ्यावर फोटो काढत बसत्यात. मास्तरीणबाई बी त्यात घुसल्या व्हय?"

मी कारण सांगितलं. हसणं थांबलं.

"म्हाताऱ्याला इचारलंसा?"

"न्हाय. दाखवणार आहे."

"इचारा की ओ एकदा. ह्येच्यातला एकेक पाटा बसवताना त्यो इथं माझ्यासमोर उकिडवा बसून ऱ्हायलाय. कुकू लावल्याबिगर नट आवळू दिला न्हाय त्येनं मला."

मी म्हटलं, "मिस्त्री, कोन काढलाय मी. दुसरा मार्ग नाही."

त्यांनी जॅक लावला, गाडी तोलायला घोड्या ठेवल्या, पाटे आवळणाऱ्या यू-बोल्टांवर तेल सोडलं. गंज इतका की एक बोल्ट कापावाच लागला. सहा पाटे काढून भिंतीला टेकवून ठेवले. गाडी जॅकवरून उतरली तशी मागून बसली. मी टेप लावली. पाच इंचाला अगदी थोडं कमी. मिस्त्रींना म्हटलं, "बघा, बरोबर आलं."

"आलं की," ते म्हणाले आणि हात पुसत आत गेले.

आप्पा दारात खुर्चीत बसले होते. मी गाडी उलटी घेत दारासमोर आणली. उतरून बघते तर त्यांचा चेहरा वेगळाच. डावा हात खुर्चीवर आपटत होते.

"कुणी भरली गाडी?"

मला कळलंच नाही.

"माल कुणाचा हाय? मला न इचारता कुणी भरली?"

गाडी मागून खाली बसलेली. त्यांच्या डोळ्यांना तीस वर्षं त्याचा एकच अर्थ माहीत. मी हसले. म्हटलं, "आप्पा, तुम्हांला बसवायचंय तिच्यात. चला गुऱ्हाळाला."

"भरल्या गाडीत? मालावर माणूस बसत न्हाय माझ्या गाडीत."

हा त्यांचा नियम. उसाच्या मोसमात किती बाया-माणसं रस्त्यात हात करायची, आप्पांनी कधी कुणाला रव्यांवर बसू दिलं नाही. एकदा तर मलाही नाही. कॉलेजला उशीर होत होता, केबिनमध्ये दोघं आधीच बसलेले. मी म्हटलं, मागं बसते. ते म्हणाले, "यस्टीनं जा." आणि गेले निघून.

"रिकामी हाय, आप्पा," म्हणत मी फाळका पाडला. आत काही नव्हतं. पुसून घेतलेला पत्रा आणि खुर्ची बांधायला घेतलेला दोर.

ते बघत राहिले. रिकामा हौदा, मग चाक, मग चाकाच्या वरची ती कमी झालेली जागा. गाडीवाल्या माणसाला कळायला किती वेळ लागणार?

"पाटं काढलंस?"

"व्हय. तीन-तीन. त्याशिवाय खुर्ची चढत नव्हती."

"मग उद्या माल कशावर न्यायचा?"

मी सरळ बोलणारी. शाळेत, घरात, सगळीकडं माझं तसं नाव आहे आणि मला ते आवडतं. मी म्हटलं,

"आता कोण माल नेणार आहे, आप्पा?"

तीन महिने घरातल्या प्रत्येकानं हे एक वाक्य तोंडातल्या तोंडात ठेवलं होतं. येणारे-जाणारे म्हणायचे, हंगाम संपायच्या आत उभा राहशील बघ. डॉक्टरसुद्धा म्हणायचे, व्यायाम करा, स्टिअरिंग धरायचंय ना? आणि मी भर दुपारी, दारात, भाऊबंद फळी धरून उभा असताना ते बोलून बसले.

आप्पा म्हणाले, "व्हय. बरोबर हाय तुझं."

मग डाव्या हातानं त्यांनी खुर्चीचं एक चाक फिरवायला सुरुवात केली. एकाच हातानं फिरवलं की खुर्ची जागच्या जागी वळते. तशी ती वळली आणि त्यांचं तोंड घराकडं झालं.

"आप्पा, निघूया की. गुऱ्हाळ चालू हाय अजून."

"नगं आता."

रात्री त्यांनी जेवण नको म्हटलं. रविवारी दूधसुद्धा घेतलं नाही. आव्वानं भाकरी कुस्करून तोंडापुढं धरली, त्यांनी मान फिरवली. आव्वा स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "एवढं शिकलीस, गप बसायला कुणी शिकवलं न्हाय व्हय तुला?"

सोमवारी मी रजा टाकली आणि गाडी पुन्हा मिस्त्रींकडं नेली. सहाही पाटे तसेच भिंतीला टेकलेले होते.

"घाला परत," मी म्हटलं.

मिस्त्रींनी विचारलं, "मग त्येला चढवणार कसं?"

"न्हाय चढवत."

वहीतला कोन मला तोंडपाठ होता. पाटे परत गेले की आप्पा त्या गाडीत कधीच बसणार नाहीत, हे मिस्त्रींना कळत होतं त्याहून मला जास्त नेमकं कळत होतं. मिस्त्रींनी कापलेल्या बोल्टाच्या जागी नवा घातला. नट आवळायच्या आधी आतून कुंकवाची पुडी आणून माझ्या हातात दिली. मी खाली वाकून दोन्हीकडं बोट टेकवलं.

दारात गाडी लावली तेव्हा ती मागून पुन्हा उंच होती. आप्पांनी एकदा बघितलं. संध्याकाळी आव्वानं ताट नेलं तर अर्धी भाकरी खाल्ली. गुऱ्हाळाचं नाव त्यांनी परत काढलं नाही. फाल्गुनात, गुऱ्हाळं बंद व्हायच्या आधीच, ते गेले. खुर्ची गाडीत चढली नाही ती नाहीच.

दिवस-कार्य झाल्यावर एका सकाळी मी एकटी गाडी घेऊन गुऱ्हाळाकडं निघाले. रिकामी. शहराबाहेर पडून वेग घेतला आणि पहिल्याच खड्ड्यात दहा पाट्यांनी गाडी अशी उडवली की माझे दात एकमेकांवर आपटले. मला वाटलं काही तुटलं. उतरून बघितलं, काही तुटलं नव्हतं. एवढ्या कडक पाट्यांची गाडी रिकामी असली की प्रत्येक खड्डा सरळ मणक्यात जातो. भरल्यावर शांत चालते ती. आप्पा रोज गूळ भरायला ह्याच रस्त्यानं रिकामी गाडी घेऊन जायचे. माल टाकून घरी यायचे ते खाटेवर पालथे पडायचे आणि कुणी बोलायला गेलं की हातानं जा म्हणायचे. मी अभ्यासाची वही दाखवायला जायचे आणि मला राग यायचा.

गुऱ्हाळ अजून अर्ध्या तासावर होतं. मी वेग कमी केला नाही.