डाव्या खांद्याखालची डबी

मंडळी, पेसमेकर बसवून महिना झाला. आज सकाळी बुद्धवंदनेला वाकलो, कपाळ जमिनीला टेकलं, तोच डाव्या खांद्याखालची ती डबी कातडीखाली पुढे सरकल्यासारखी झाली. भीती वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही. तसाच वाकून राहिलो.

"अहो, आज वंदना फारच लांबली," बायकोनं मागून टोमणा मारला.

"उठायचं राहून गेलं गं."

ती हसली नाही. शेजारी बसून तिनं डबीवर अलगद हात ठेवला. जखमेभोवतीची कातडी अजून बधिर आहे. तिचा हात मला दिसत होता, कळत मात्र नव्हता.

"दुखतंय का?"

"नाही."

तुमच्यापैकी कुणाला पेसमेकर बसवून वर्ष झालं असेल, तर सांगा. तिथं ठेवलेला हात पुन्हा कळू लागतो का?