चानकी
दुधात पीठ भिजवून केलेली दशमी तव्यावर जळली की गोडसर, कडवट वास सुटतो, आणि तो आला की मला अनसिंगचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. थोरल्या भावानं नवस केला होता, मूल झालं तर त्याला खांद्यावर घेऊन सातपुड्यातला देवाचा डोंगर चढीन. मुलगी झाली, चालायला लागली, आणि त्याच उन्हाळ्यात तापानं गेली. श्रावणात भावानं पिशवी काढली. "नवस फेडाच लागते," म्हणाला, आणि चुलीजवळ बसून मला सांगू लागला, "पहाटंच पायथा सोडू, दुपारी माथ्यावर, अंधाराच्या आत खाली. मधात सारं जंगल हाय, पानी भेटत नाही, दोन बाटल्या घेजो." चढणीवरच्या शिड्या कुठे निसरड्या असतात, तेही त्यानं कुणाकुणाला विचारून ठेवलं होतं. बाहेर पाऊस होता, आत धूर कोंडला होता, आणि वहिनी वाटेसाठी दशम्या थापत होती. उरलेल्या पिठाची तिनं सवयीनं चानकी केली, लेकरासाठी करतात तशी तळहाताएवढी, आणि तव्यावर टाकली. मग ती चानकी आम्हां तिघांनाही दिसली. "खांद्यावर कोनाले नेसान?" वहिनीनं भावाला विचारलं. भाऊ पिशवीचा बंद बांधत होता, तो बांधतच राहिला. चानकी उलटायला कुणाचाच हात गेला नाही. ती काळी होईस्तोवर आम्ही बघत बसलो. त्या वर्षी गेलो नाही. आता मी वाशीमला राहतो, आणि दर श्रावणात भावाचा फोन येतो, "औंदा जाऊ." मी हो म्हणतो. पाण्याच्या बाटल्या किती घ्यायच्या, एवढंच विचारतो.