न्हाव्याच्या आरशातला नट

दाढीनंतरच्या लोशनचा वास आला की मला कुवेतमधल्या हवल्ली भागातला माझा बांगलादेशी न्हावी आणि त्याच्या देशातला तो नट आठवतो. नटाचे आजोबा नट, वडील दिग्दर्शक. त्याचा एक सिनेमा पडला की घरचेच दुसरा काढायचे. न्हाव्याचे वडील त्याच घरचे मेकअपवाले. नट कार्यक्रमाला कुवेतमध्ये आला, तेव्हा दाढी कोरायला या न्हाव्याला बोलावणं आलं. त्याच्याकडे गाडी नाही म्हणून मी नेलं. वाटेत तो सारखा सांगत होता, "भाई, त्याच्या पहिल्या सिनेमात मिशी अब्बांनीच चिकटवली. त्यांचं नाव सांगितलं की ओळखेल बघा." मेकअपच्या खोलीत त्याने वडिलांचं नाव सांगितलं. नट मोबाइलवरची नजरही न हलवता मला म्हणाला, "तुमच्या माणसाला सांगा, तोंड बंद ठेवून काम कर." न्हावी दाढी कोरू लागला. मी काहीच बोललो नाही. मग हाच नट मंचावर छातीवर हात ठेवून म्हणाला, "मी शून्यातून आलो, मला कुणीच हात दिला नाही!" टाळ्या पडल्या. माझ्या आईवडिलांना सही येत नव्हती. ज्या गुरुजींनी घरी ठेवून शिकवलं, त्यांचं नाव मी कुठेही आधी घेतो. मला त्या माणसाची शिसारी आली. परतताना न्हावी एवढंच म्हणाला, "दाढी मात्र झकास दिसत होती, नाही भाई?" आजही नटाचा फोटो दुकानाच्या मागच्या भिंतीवरून आरशात माझ्या डोक्यामागे हसतो. 'काढून टाक तो' असं ओठांवर येतं, पण त्या दिवशी गप्प बसलेला मीच होतो, म्हणून डोळे मिटून घेतो.